खिटीचा आवाज

काचपेटीच्या झरोक्याची खिटी टक् वाजली आणि बाळ गप्प झालं. पाडवे सिस्टरांचा हात अजून आत गेलाही नव्हता. विभावरी मोहरीरने पडद्यावरचा आलेख मागे नेऊन पुन्हा पाहिला. रडण्याची रेघ वेदनेच्या पट्ट्यात उंच चढलेली होती आणि खिटीच्या आवाजाने उमटलेल्या बारीकशा टोकापाशी कात्रीने कापावी तशी तुटलेली.

दुखणं असं खिटीच्या आवाजाने थांबत नाही.

“सगळ्या पेट्या लाल!” घाम पुसत पाडवे सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या मापकाचे डोळे आलेत का हो, मॅडम?”

विभावरीला हसू आलं नाही. रुदनमापक तिनेच बनवला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं रडणं बारीक, कापरं. त्यातलं दुखणं वेगळं ओळखणं सरावलेल्या कानांनाही जड जातं. पेटीतला माइक ते ओळखायचा. भुकेचं रडणं असलं की नळीतून दूध सुटायचं, थंडीचं असलं की ऊब वाढायची. वेदनेचं असलं तरच लाल दिवा लागायचा आणि सिस्टर धावायच्या. सुरुवातीला त्याने खरोखर जीव वाचवले. मग, यंत्र आहे ना, म्हणून कक्षातल्या सिस्टर कमी झाल्या. आणि आयांचे आवाज नोंदीत मिसळतात म्हणून त्यांना काचेबाहेर बसवायचं, हा नियम तर तिचाच.

मागच्या महिन्यात लाल दिवे फार लागू लागले, तेव्हा तिने वेदनेच्या पट्ट्याची मर्यादा वर नेली. थोड्याच दिवसांत बाळांचं रडणं तिथवर चढलं. दूध येतं, ऊब येते, पण माणसाचा हात येतो तो दुखल्यावरच, एवढं त्या मूठभर जिवांनी शिकून घेतलं होतं.

फोन वाजला. अधीक्षक डॉ. कोलते.

“मर्यादा आणखी वर न्या आणि विषय संपवा. किती दिवस घोळ घालणार?”

“सर, वर नेली की ती आणखी ताणून रडतात. आणि ज्याला खरंच दुखतंय—”

“बाळं काय तुमच्याशी पैज लावून बसलीत? आज कळवा मला.”

“बघते,” ती म्हणाली. कित्येक आठवडे ती हेच म्हणत होती. तिने फोन टेबलावर आपटला.

बाहेर बसवलेल्या आयांपैकी दुर्गा मडावी काचेच्या दाराच्या फटीशी येऊन उभी होती. “मॅडम, माझा पोरगा केव्हाचा रडून राहिला. त्याच्याकडे कोणी गेलं नाही.”

“सगळीच रडतायत, दुर्गाबाई. ओळीने येतोय आम्ही,” विभावरी तुटकपणे म्हणाली.

पाडवे सिस्टर एकेक झरोका उघडत होत्या. टक्, आणि एक बाळ गप्प. टक्, आणि दुसरं. दुर्गाच्या बाळापाशी खिटी वाजली.

बाळ रडतच राहिलं.

विभावरी खुर्चीतून उठली. सिस्टरांनी दुपटं बाजूला केलं. इवलंसं पोट ताणून चकाकत होतं.

“पोट फुगलंय! डॉक्टरांना बोलवा!”

डॉक्टर आले. नळीतलं दूध थांबवलं, सलाइन, औषधं सुरू झाली. आतड्याला सूज होती. “थोडा आणखी उशीर झाला असता तर हातातून गेला असता,” जाताना ते म्हणाले. विभावरीने आलेख उघडला. त्या बाळाची रेघ बाकीच्यांच्या रेघांसारखीच होती, अगदी हुबेहूब. मर्यादा आणखी वर नेली असती, तर दिवाही लागला नसता.

फोन पुन्हा वाजू लागला. तिने तो उचलला नाही. ती पहिल्या पेटीपाशी गेली आणि माइकच्या वायरीवर हात ठेवला.

सिस्टर बघत राहिल्या. “मॅडम, हे काढलं तर कोण कशासाठी रडतंय ते कळणार कसं?”

तिने वायर ओढली, काचेचं दार सताड उघडलं आणि बाहेरच्या बाकांकडे पाहून म्हणाली,

“दुर्गाबाई, हात धुऊन आत या. सगळ्याच जणी या.”