गोल पिनेची वायर

दिवा राहू दे तसाच, पोरांनो. ही आपल्या शेजारच्या आर्विडची गोष्ट आहे. त्याच्या बायकोला, मार्लिसला, मी कधी पाहिलं नाही. ती वारल्यावर दहा वर्षांनी मी इथे डुलुथला राहायला आलो.

नोव्हेंबरची चौदा, गुरुवार. शनिवारी त्याच्या लेकीचं, कॅरिनचं लग्न. आई गेली तेव्हा कॅरिन आठ महिन्यांची होती. आईचा आवाज तिला ठाऊकच नव्हता. घरात एकच व्हिडिओ टेप, कॅरिनच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीची. मार्लिस तिच्यात बोलते, पण ऐकू येते नुसती भुणभुण.

आठ वाजता मी त्याच्यासाठी गरम जेवणाचं कॅसरोल घेऊन गेलो. कॅरिनला कॉपी द्यायची म्हणून आर्विड वायरी बदलून बदलून तीच टेप लावत होता. अँटेनाच्या वायरीनं चित्रात बर्फासारखे पांढरे ठिपके. पिवळीनं मार्लिसच्या स्वेटरचा लाल रंग गालावर ओघळला. मग त्यानं गोल पिनेची लावली.

"केसन् केस दिसतोय, रूडी."

"टेप झिजेल, आर्विड. आधी भंगार टेपवर बघावं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं."

"भंगार टेपवर मार्लिस नाही ना."

मी कॅसरोल टेबलावर ठेवलं.

त्या वायरीतून फक्त चित्र जातं. आवाजाच्या दोन वायरी वेगळ्या, लाल आणि पांढरी. भुणभुणीला वैतागून त्यानं त्या काढून टेबलावर टाकल्या होत्या. आवाजाचं उद्या बघू म्हणाला, आणि कॉम्प्युटरवर चित्राची कॉपी सुरू केली. मी घरी आलो.

नऊ वीसला त्याचा फोन.

"रूडी... येतोस?"

गेलो. टेप संपलेली. दोन्ही वायरी टेबलावर तशाच. कॅसरोलवरचं झाकणही काढलेलं नव्हतं.

"बोलली ती..."

"काय?"

आर्विडनं नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्याला.

शुक्रवारी कॅरिन आली. त्यानं कॉपी लावली. मी मागे उभा होतो. चर्चच्या पायरीवर मार्लिस, कडेवर बाळ. बराच वेळ काहीच नाही... भुणभुणसुद्धा नाही.

मग तिनं सरळ आमच्याकडे पाहिलं.

"आर्विड... रूडीनं आणलंय ते गार होतंय. जेवून घे ना."