चोरचोळीची साक्ष

कामगार कार्यालयात जायची घाई असताना दुर्गाबाईंनी सुनेपुढे हिरव्या खणाची चोळी धरली, आणि पौर्णिमाचा पुढे झालेला हात मागे आला... क्षणभरच! पण हारातलं एक सुकलेलं फूल जिला दुरून दिसतं, त्या फुलवाल्या सासूला हे दिसल्याशिवाय कसं राहील?

"माह्या हातचं नाही चालत का आता तुले?" दुर्गाबाईंचा आवाज दुखावलेला होता. "शकुनाची चोळी हाय. माह्यासाठी नको, पोटातल्या लेकरासाठी घाल."

पौर्णिमाने ती घातली. खण कोणाकडून आला, हे तिला ठाऊक होतं आणि ते तिला ठाऊक आहे, हे सासूला ठाऊक नव्हतं. दीड महिना ती हे ओझं उरात घेऊन वावरत होती.

तिसऱ्या महिन्यात आपल्याकडे चोरचोळी करतात. ना बोलावणं, ना वाजंत्री. घरच्या घरी नारळ आणि नवी चोळी ओटीत घालायची आणि बातमी उंबऱ्याच्या आत ठेवायची. या घराला तर त्याची जास्तच गरज होती. दोन वर्षांपूर्वी पहिल्या वेळी दुर्गाबाईंनी राजापेठेतल्या फुलांच्या दुकानांपासून बडनेऱ्याच्या नातेवाइकांपर्यंत पेढे वाटले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. यात कोणाचाही दोष नसतो, असं डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगितलं. पण दुर्गाबाईंनी स्वतःच्या जिभेलाच गुन्हेगार ठरवलं. तीन दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. या वेळी पाचव्या महिन्यापर्यंत कोणालाही सांगायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला. पौर्णिमाने बाळापूरला माहेरीसुद्धा कळवलं नाही. जिथे ती पाच वर्षं प्रवेशाचं काम बघत होती, त्या क्लासच्या सरांनाही ती योग्य वेळी, रजेचा अर्ज घेऊन, स्वतः सांगणार होती.

आणि नियम मोडला कोणी? ज्यांनी घातला त्यांनीच! अंगारकीला सरांच्या बायको, रागिणी मॅडम, नेहमीसारख्या जास्वंदाचा हार घ्यायला आल्या आणि दुर्गाबाईंच्या तोंडात तीळ भिजला नाही. मॅडम बिचाऱ्या खरंच आनंदल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेसाठी खण आणून दिला. चोरचोळीला तोच ओटीत घालताना दुर्गाबाईंनी घरी 'ओळखीच्या बाईनं देल्ला' एवढंच सांगितलं. पण खण ज्या कापडी पिशवीतून आला, तिच्यावर क्लासचं नाव होतं, आणि त्या पिशव्या पौर्णिमानेच छापून आणल्या होत्या. दुर्गाबाईंना अक्षरओळख नव्हती. भरल्या ओटीने पाटावर बसलेल्या सुनेने मात्र ते नाव वाचलं आणि तिला सारं उमगलं.

दहाव्या दिवशी पत्र हाती पडलं. काम समाधानकारक नाही म्हणे! पाच वर्षांचं काम दहा दिवसांत बिघडलं होतं.

पौर्णिमाला राग आला, फार राग आला. बातमी तिची होती, तिच्या देहातली होती. ती कधी आणि कोणाला सांगायची, हे तिचं तिने ठरवायचं होतं. सासूला जाब विचारायचाच, असं ठरवून ती घरी आली... तर दुर्गाबाई दारात बसून जुन्या लुगड्याचं दुपटं शिवत होत्या, तोंडाने काहीतरी गुणगुणत होत्या. दोन वर्षांत त्यांना गुणगुणताना कोणी ऐकलं नव्हतं. "माझ्याच कामात चुका झाल्या," असं पौर्णिमाने सगळ्यांना सांगितलं. मग रोज सासूचं ऐकूनही घेतलं... पाळणा हलायच्या वेळी हिनं हातची नोकरी घालवली! रेल्वेत कामाला असलेल्या नितेशला, तिच्या नवऱ्याला, त्या चुका काही पटेनात. गरोदरपणामुळेच काढलं असणार, असं म्हणत त्यानेच तिला तक्रार करायला लावली. आज त्याला सुट्टी मिळाली नाही आणि पोटुशी सून एकटी जाऊ नये, म्हणून सासू सोबत निघाली.

कार्यालयात समोर सर आणि मॅडम बसले होते. अधिकारी बाईंनी विचारलं, की गरोदरपणामुळे काढलं म्हणता, पण यांना ते माहीत होतं, याला पुरावा काय? सर शांतपणे म्हणाले, की आम्हाला नोटीस आल्यावरच कळलं. मॅडम खाली बघत राहिल्या.

"तुम्ही सांगितलं होतं?" बाईंनी पौर्णिमाला विचारलं.

"नाही."

"मग त्यांना कोणी सांगितलं?"

एक नाव घेतलं असतं तर काम झालं असतं. पौर्णिमाच्या डोळ्यांसमोर ते तीन दिवस उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून निजलेली सासू उभी राहिली... "मला माहीत नाही," ती म्हणाली.

मागच्या बाकावर दुर्गाबाईंनी मान वर केली. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, सुनेच्या अंगावरच्या चोळीकडे पाहिलं, आणि सकाळी मागे आलेला तो हात त्यांना आठवला. दोघींची नजर भिडली. पौर्णिमाने हळूच मान हलवली... नका बोलू, आई!

दुर्गाबाई उठल्या.

"लिवून घ्या, बाई. म्या सांगतलं. अंगारकी होती, मॅडमनं जास्वंदाचा हार नेला. हे पोरीच्या अंगावरची चोळी पाहा, हिचा खण त्यायनंच देल्ला. कावून देल्ला, ते विचारा त्यायले."

सर काहीतरी बोलायला गेले, पण मॅडमचे डोळे त्या हिरव्या चोळीवरून हलेनात. "हो, मीच दिला," त्या म्हणाल्या. "आणि घरी जाऊन यांना सांगितलं. हे असं करतील, असं वाटलं नव्हतं."

तासाभराने कागद तयार झाला. कामावर परत आणि बाळंतपणाची भरपगारी रजा. सरांनी सही केली, दुर्गाबाईंनी जबाबावर अंगठा उमटवला.

बाहेर जिन्यात त्या पायरीवर बसल्या. "तुले माहीत होतं?"

"पिशवीवर नाव होतं, आई."

"मंग मले कावून बोलली नाही? मी रोज तुलेच..." शाई लागलेला अंगठा त्या पदराने पुसत राहिल्या आणि डोळ्यांना धार लागली.

"राग आला होता. लय आला होता," पौर्णिमा त्यांच्याशेजारी बसली. "पण तुमी पुन्हा स्वतःले कोसत बसल्या असत्या. ते मले पाहावलं नसतं."

दुर्गाबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

राजापेठेत परतल्या, तेव्हा शेजारच्या फुलवाल्या सुंदराबाई दुकान सोडून धावत आल्या. काय झालं, सुनेला का नेलं होतं, तोंड असं का सुजलं... प्रश्नांवर प्रश्न! दुर्गाबाईंनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्या सुनेकडे वळल्या.

"सांगू काय?" त्यांनी हळूच विचारलं.

पौर्णिमाने पोटावर हात ठेवला आणि हसली.

"सांगा, आई."