एक खांब कमी

पाटी, मसुदा पहिला: देवळाचा सभामंडप. कंपनी सरकारच्या काळात आलेल्या एका युरोपीय चित्रकाराचे जलरंगचित्र.

"आणि चुकीचं," मागून आवाज आला.

ती गर्रकन वळली. एक अनोळखी माणूस तिच्या टेबलावर वाकला होता. नाक चित्राला टेकायचंच बाकी!

"नाक लांब ठेवा! चार महिने जीव ओतून दुरुस्त केलंय हे चित्र. शिंकलात तर खैर नाही."

"शिंकत नाही. पण एक खांब कमी आहे. हे देऊळ मी स्वतः मोजलंय."

तो वास्तुकार. संग्रहालयाने त्याला प्रदर्शनाचा नकाशा काढायला आणि पाट्या तपासायला बोलावलं होतं. त्याच दिवशी तिने मनातल्या मनात त्याचं बारसं केलं — काटकोन.

मसुदा दुसरा: चित्र अविश्वसनीय. (त्याचा.)

मसुदा तिसरा: चित्र सुंदर. ज्यांना डोळे आहेत त्यांच्यासाठी. (तिचा.)

"अहो, साहेब समुद्र ओलांडून आला, उन्हात करपला, आणि तुम्ही खांब मोजताय?"

"देऊळ आधीपासून होतं. साहेब नंतर आला."

तिला आणखीच राग आला. असा राग रोज यायचा. तो उशिरा आला, की त्याहून जास्त.

"रोज त्याचंच गाऱ्हाणं!" घरी आई वैतागली. "एखाद्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी आण गं, चवीला!"

शेवटच्या दिवशी संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी दोघांना बजावलं, "संध्याकाळपर्यंत एकमताची पाटी द्या. नाहीतर ते चित्र कपाटात."

कपाटात! चार महिन्यांची मेहनत कपाटात! चडफडत तिने चित्रावर तिरपा उजेड धरला… आणि थबकली. चित्रातल्या पायरीवर बसलेल्या बाईच्या मागे पेन्सिलची पुसट रेघ होती. खांब! साहेबाने आधी काढलेला, मग खोडलेला.

ती चित्र घेऊन तशीच त्याच्या टेबलाशी धावली. "बघा! ती बाई नीट दिसावी म्हणून खोडलाय."

"कुणी बसलंय म्हणून खांब गायब? अक्षम्य आहे हे!"

"तुम्ही ना—" तिची नजर खाली गेली. त्याच्यासमोर दालनाचा नकाशा पसरला होता. दारं, भिंती, कोनाडे, सगळं इंचाइंचाने. "खिडकी कुठाय?"

"कुठली?"

"दालनात एकच तर आहे. माझ्या टेबलामागची!"

त्याने नकाशा पाहिला. मग खिडकी पाहिली. मग त्याचे कान लाल झाले.

"तिथे… तुम्ही बसता."

"मग?"

"मग काय! तिकडे बघितलं की… मागचं काही दिसतच नाही मला."

तिने चित्र अलगद टेबलावर ठेवलं. तो किंचित जवळ आला.

"काटकोन, नाक लांब ठेवा," ती म्हणाली. पण स्वतः तसूभरही मागे सरकली नाही.

पाटी, शेवटचा मसुदा, एकमताने: देवळाचा सभामंडप. एक खांब कमी आहे. तिथे कोणीतरी बसले होते.