फ्यूजच्या जागी तार

"मास्तरांना मी मारलं का, एवढंच शोधून द्या," रेडिओवाला म्हणाला. जामिनावर सुटून तो थेट सासूबाईंच्या दारात आला होता.

सासूबाई खासगी तपासाची कामं घ्यायच्या आणि जावयाला सोबत न्यायच्या. "जावईबापू, तुम्ही नुसतं बघा. अंदाज बांधणं तुम्हाला झेपत नाही," असं त्या प्रेमानेच म्हणत. जावयालाही ते मनातून पटलेलं होतं.

प्रकार वाईट होता. गाण्याचे मास्तर आपल्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर गाणी ऐकता ऐकता खुर्चीतच झोपले. आतला ट्रान्सफॉर्मर पेटला, खोलीत धूर कोंडला आणि मास्तर गेले. फ्यूज असता तर तो आधी जळून वीज तुटली असती. पण फ्यूजच्या जागी पोलिसांना तांब्याची तार मिळाली, आणि दुरुस्ती आठवड्यापूर्वी रेडिओवाल्यानेच केलेली.

"तपासताना आम्ही कधीकधी घटकाभर तार घालतो," तो म्हणाला. "ती काढून फ्यूज बसवल्याचं मला आठवतंय. पण आता डोळ्याला डोळा लागत नाही. राहिली असेल का हो?"

पोलिसांनी खोली उघडून दिली. जिकडेतिकडे काजळी. जावयाने अँप्लिफायर आडवा केला तर हात काळेकुट्ट झाले, पुसायला काढलेला रुमालही कामातून गेला. आत, ट्रान्सफॉर्मरच्या कोळशाशेजारी, दोन पितळी चापांत ती तार होती. सासूबाईंनी आपल्या रुमालात धरून ती ओढली, निरखली, हवालदाराला दिली आणि पांढराशुभ्र रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

मास्तरांच्या बायकोच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. नवऱ्याला बाहेर ओढताना ती भाजली होती.

"यंत्राला मी कधी हात लावला नाही. ते खूळ यांचं आणि यांच्या दोस्ताचं, चष्मेवाल्या भावजींचं. त्या सकाळी भावजी धावत आले. मला दवाखान्यात नेलं, तेव्हा पोलीस येईपर्यंत तेच एकटे खोलीत रडत बसले होते."

रेडिओवाला तेव्हा परगावी होता. पोलिसांनी त्याला संध्याकाळी आणला.

चष्मेवाला दुकानात काच घासत होता. "फ्यूज आवाजाचा गळा आवळतो, ताई. त्याच्या आतल्या केसाएवढ्या तारेतून सूर मोकळा कसा येणार? आदल्या संध्याकाळी मी तिथेच ऐकत होतो. आवाज काय खुलला होता. आता कळतंय, तार होती म्हणून." त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे तार आदल्या दिवशीही होती," जावई बाहेर येऊन म्हणाला. "रेडिओवाल्याचं काही खरं नाही."

"बांधलात ना अंदाज?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मास्तरांच्या घरी बसवलं आणि दोन रुमाल टेबलावर पसरले.

"हा जावईबापूंचा. त्यांनी यंत्राला हात लावला आणि हा काळा झाला. हा माझा. यात मी ती तार धरली होती, आणि यावर डाग नाही. आगीच्या वेळी तार तिथे असती तर तीही काळी झाली असती. म्हणजे ती नंतर बसवली. रेडिओवाला गावात नव्हता, वहिनींचे हात भाजलेले. खोलीत एकटे तुम्ही होतात."

चष्मेवाल्याने मान खाली घातली.

"तार नव्हती, तरी तुम्हाला आवाज खुललेला वाटला. कारण काहीतरी बदललंय हे तुम्हाला ठाऊक होतं. काय घातलं होतंत?"

"जाड फ्यूज," तो पुटपुटला. "खास मागवलेला, दसपट वीज सोसणारा. आदल्या संध्याकाळी मीच बसवला, हौसेने. सकाळी तो शाबूत दिसला, तेव्हा कळलं, आग माझ्यामुळेच लागली. तो खिशात टाकला आणि स्पीकरच्या तारेचा तुकडा सोलून तिथे घातला. वाटलं, तपासताना घातलेली तार हा रेडिओवाला काढायला विसरला, असं खपून जाईल."

रेडिओवाला ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. "मी काढली होती," एवढंच तो म्हणत राहिला. जावयाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वहिनी, माझ्या मनात वाईट नव्हतं," चष्मेवाला म्हणाला. "आणि मास्तरलाही फरक जाणवला होता. स्वतःच्या तोंडाने म्हणाला, सूर मोकळा झाला."

मास्तरांची बायको हातांवरच्या पट्ट्यांकडे बघत म्हणाली,

"तुम्ही गेल्यावर हे मला म्हणाले, काडीचा फरक नाही. कशात, ते मला तेव्हा कळलं नाही. म्हणाले, पण तो इतक्या हौसेने आला होता, नाही कसं म्हणू?"