कझायाची माणसं

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळं गाव दफनभूमीत जमतं. आपापल्या माणसांना फुलं वाहायची आणि मग झाडांखाली टेबलं मांडून पोटभर जेवायचं. एकोणीसशे शहात्तर साली त्या गर्दीत रोवेना पिकेट शिरली ती खापरपणजीची कबर शोधत. आईवडील गेल्यापासून तिला आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. म्हणूनच गेली दोन वर्षं ती या कझाया टटलच्या मागे हात धुऊन लागली होती.

कबर सापडली. पण तिथे एक उंच तरुण गुडघे टेकून दगडावरचं शेवाळ घासत होता.

"अहो, ही माझी खापरपणजी आहे," रोवेना म्हणाली.

"असं? मग माझी कुठं गेली?" त्यानं वर पाहिलं. डोळे हसरे... जरा जास्तच हसरे. "मी हार्लन टटल. तुम्ही कोणाच्या?"

"लुसिंडाच्या. कझायाची धाकटी."

"म्हणजे घरच्याच की. घ्या ताईसाहेब, ब्रश घ्या."

रोवेनाचा चेहराच उतरला. एवढ्या मोठ्या देशात एक माणूस पाहताक्षणी आवडावा, आणि तो नेमका भाऊबंद निघावा.

तरी दर शुक्रवारी रजा टाकून ती तिथल्या कोर्टात जुने कागद चाळायला येऊ लागली. लाकडाची गिरणी बंद ठेवून हार्लनही मदतीला येई. मदत कसली, नुसता समोर बसून राही.

"केसांत भुसा आहे तुझ्या."

"मग काढ ना. चावत नाही मी."

तिनं हात उचलला, पुन्हा खाली घेतला. "नको. नात्यातला आहेस."

"हो..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तेच वाईट झालं."

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी खोक्याच्या तळाशी तो कागद निघाला. तापात आईबाप दगावलेली, तीन वर्षांची लुसिंडा कोर्टानं शेजारच्या विधवा कझायाच्या हवाली केली होती. रोवेनानं कपाळावर हात मारला. अठराशे सत्तर सालच्या जनगणनेत कोण कोणाचं कोण, हा रकानाच नव्हता. एका घरात नावं दिसली, आणि तिनं खुशाल मायलेकी धरल्या होत्या.

"ती कझायाची नव्हतीच, हार्लन." तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला. "मी तुमची कोणीच नाही."

त्यानं कागद दोनदा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"माझी खापरपणजी गेली, आणि तू हसतोयस?"

"तुझ्यासाठी वाईट वाटतंय, खरंच. पण माझ्यासाठी... अजिबात नाही." त्यानं कागद हळूच बाजूला सारला. "रोवेना, टटलांच्या घरात यायला रक्त कशाला लागतं? कझाया तरी कुठं टटल होती? ती पण लग्न करूनच आली होती."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं खपून शोधलेलं घर हातचं गेलं होतं, आणि तेच घर समोर बसून कानापर्यंत लाजत होतं.

"मला विचार करायला वेळ हवा," ती म्हणाली.

"किती?"

"जेवायच्या सुट्टीपर्यंत." आणि सुट्टीला तासभर अवकाश असताना तिनं त्याचा हात हातात घेतला.