पांढऱ्या खडकाची तडतड

भर दुपारी बोटीत बसतानाच भाचीचं डोकं फिरलेलं होतं. काम तसं नेहमीचंच. समुद्राचं पाणी तापत गेलं आणि प्रवाळाचा अख्खा खडक मेला, पांढराफटक पडला. जिवंत प्रवाळात सतत बारीक तडतड चालू असते, तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी, आणि त्या आवाजाच्या मागे माशांची पिल्लं घर शोधत येतात. म्हणून खडक जिवंत असताना टिपून ठेवलेला त्याचाच आवाज पाण्याखाली स्पीकरवर लावायचा आणि मासे येतात का पाहायचं. वर्ष होत आलं, एक शेपटी दिसेल तर शपथ. "आज काही दिसलं नाही तर गाशा गुंडाळा," असं साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं. अर्थात एसीत बसून.

"घरातली माणसं गेली, आता पाहुण्यांना हाका मारा," बोट चालवणारा मामा पुटपुटला.

"मामा, तू स्पीकर सोड. प्रवचन संध्याकाळी दे."

तिने उडी घेतली.

खाली पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होतं. खडक हाडांच्या ढिगासारखा पसरलेला. आधी तिला आपलाच श्वास ऐकू येत होता... मग तडतड सुरू झाली. चला, मामाने एक काम तरी वेळेवर केलं.

आणि मासे आले. आधी एक निळा, मग पिवळे, मग सगळीकडून झुंडीच्या झुंडी, फांद्याफांद्यांत शिरणारे. ती मास्कमध्ये हसली. कॅमेऱ्याचं बटण दाबत सुटली. मग सहज तिची नजर तळाच्या वाळूकडे गेली. डोक्यावर ऊन होतं. वाळूवर तिची सावली स्वच्छ पडली होती.

एवढ्या माशांत एकाचीही नव्हती.

तिने मान वर केली. सगळे मासे थांबले होते. तिच्याकडे तोंड करून.

ती घाईघाईने बोटीत चढली. "आले, मामा... पण स्पीकर बंद कर आधी."

"कुठला स्पीकर?" मामा वैतागून म्हणाला. "तो बघ फळीखाली. वायर तुटलीय. तेच सांगत होतो, तर बाईसाहेबांनी उडी मारली. तुला वर बोलवायला खुणेची दोरी हलवून हलवून खांदा गेला माझा."

तिने कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. पांढरा खडक, पांढरी वाळू, तिची सावली.

"झाकण काढलं होतंस ना?" मामाने विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने बोट धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर तिने नळाखालचा टब भरून मास्क धुवायला टाकला, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"काय झालं? आले का मासे?"

"साहेब, मासे..."

"काय? मोठ्याने बोला."

"साहेब, मी म्हणतेय..."

"अहो, ती तडतड बंद करा आधी," साहेब खेकसले. "कानाशी कशाला धरलीय? तुमचं काही ऐकूच येत नाहीये."

तिने मामाकडे पाहिलं. मामा टबापासून एकेक पाऊल मागे सरकत होता.