निशाणवाली

“निशाण वर धरा, निशाण! माउली भिजेल!”

ओढ्यात माझा पाय घसरला, तसा समोरून एक अनोळखी तरुण बुटांसकट पाण्यात उतरला. झेललं त्यानं माउलीचं चित्र असलेलं निशाण… मला नाही!

“आणि मी बुडाले असते तर?” मी फणकारले.

“तुम्हांला पोहता येत असेल. रोझरीमातेचं काय सांगावं?”

हसू आलंच मला. जुवेनाल नाव त्याचं. पण मागून येणारे आमचे ढोल दिसले नि त्याचा चेहरा उतरला.

“ढोल… देवळात नेणार?”

“दर सणाला नेतो.”

तो झपाझप गावाकडे निघून गेला.

का, ते देवळापाशी कळलं. दार बंद. पायरीवर जुवेनाल – देवळाचा नवा नोकर, हातात किल्ली!

“नव्या फादरांचा हुकूम आहे,” तो खाली बघत म्हणाला. “ढोल बाहेर ठेवून या.”

माझे बाबा आमच्या मेळ्याचे कप्तान. ते पुढं झाले. “पोरा, ह्या भिंती आमच्या पणजोबांनी रचल्या, गुलाम असताना. तेव्हाही आम्हांला दार बंदच असायचं. ढोलाशिवाय गेलो, तर माउली आम्हांला ओळखणार कशी?”

ढोल थांबले होते. चौकातल्या दोन पोलिसांनी काठ्या सरसावल्या. आमच्यातल्या कुणीतरी दगड उचलला…

मी पायरी चढले.

“तुमचं गाव कुठलं?”

“खालच्या खोऱ्यातलं… तुमच्यासारखंच.”

“म्हणजे आपल्यातलेच! मग तिथं ढोल कोण वाजवायचं?”

“आजोबा,” त्यानं किल्ली मुठीत आवळली. “मरेपर्यंत.”

“त्यांनाही बाहेरच ठेवलं असतं?”

क्षणभर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वळला – आणि किल्ली फिरली.

ढोल असे कडाडले की खिडक्या थरथरल्या! फादर लालबुंद होऊन काही ओरडले, पण ऐकतंय कोण?

सगळे रांगेनं निशाणाचा मुका घेऊ लागले. जुवेनालची पाळी आली.

“नोकरी गेली माझी,” तो कुजबुजला. “तुमच्याकडे ढोलवाल्याची जागा आहे?”

“ढोलवाले पुष्कळ आहेत…” माझे कान तापले, तरी बोललेच, “जावयाची आहे.”

तो बघतच राहिला माझ्याकडे. मागून एक म्हातारी करवादली, “आटप रे मेल्या! मुका निशाणाचा घ्यायचाय, निशाणवालीचा नाही!”